आमच्या गच्चीवरचा थांबा

आकाशातल्या रहदारीची काळजी वाहणारा सबंध देशात एकच माणूस होता आणि तो हिंगोलीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. कंट्रोलरकाकांनी एसटी स्टँडवर जन्म काढला आणि निवृत्त होताच, जमिनीवरची वाहतूक शिस्तीत आणून झाली असे समजून वर लक्ष घातले. मोटारी उडणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका होती ती उडवणाऱ्यांबद्दल.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आमच्या गल्लीत उडणारी वस्तू म्हणजे पत्रे, तेही वावटळीत. काकांचे नियम मात्र तयार होते. सेनगावहून येणाऱ्याने उंचावरून यावे, औंढ्याला जाणाऱ्याने खालून. बाजाराच्या दिवशी सिद्धेश्वर धरणावर घिरट्या घालत थांबावे. कंट्रोलरने बोलावल्याशिवाय गावावर येऊ नये. कुणी हात दाखवला म्हणून हवेत गाडी थांबवू नये. काळीपिवळी उडालीच, तर टपावर माणसे बसवू नयेत. सगळ्यांत कडक नियम तंबाखूचा. "वरून थुंकला की लायसन जप्त. खाली माणसं राहतेत." मी हिशोबी माणूस. एकदा विचारले, "काका, डिझेल वरच संपलं तर?" त्यांनी माझी कीव केली. "म्हणून त टाकी तपासल्याबगर गाडी सोडायची न्हाई. हापिसात तुमी शिकले तरी काय?"

पुढे आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी बसवायचे ठरले. गवंडी आला तसे काका जिना चढून आले.

"टाकी कोपऱ्यात घ्या. हितं गाडी उतरनार हाय."

"कोणाची?"

"आमच्या बाळूची. आमच्या घरावर पत्रे हायेत, तिथं कशी उतरंल?"

त्यांचा बाळू पुण्यात कंपनीत होता. रात्रभराचा प्रवास आणि रजा नाही, म्हणून वर्ष वर्ष यायचा नाही. बापाने फोनवर फारच लकडा लावला तेव्हा म्हणाला होता, "बाबा, उडणाऱ्या गाड्या निघू द्या, दर रविवारी येतो." लेकाने विषय संपवला होता. बापाने कामाला सुरुवात केली.

टाकी कोपऱ्यात गेली. पाइप एकोणीस फूट जास्त लागला. काकांनी चुन्याने दहा फुटांचा चौकोन आखला आणि दर रविवारी ते तो झाडू लागले. आमची ही खालून विचारी, "काका, आली का गाडी?"

"लेट हाय," काका सांगत.

बाळू आला तो दोन वर्षांनी, एका दिवसापुरता, एसटीने. गच्चीवर चढला आणि चौकोन पाहून थबकला. "बाबा, हे काय आखलंय?"

काकांनी माझ्याकडे पाहिले नाही. "काही न्हाई. ह्यांची हळद वाळते हितं."

बाळूने माझ्याकडे पाहिले. आम्हाला गुंठाभर शेत नाही. हळद आम्ही दुकानातून किलोने आणतो.

"व्हय," मी म्हणालो, "ऊन चांगलं लागतं."

संध्याकाळी बाळूची गाडी वेळेवर सुटली. पुढच्या रविवारी काका झाडू घेऊन आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. पाऊस लागून चौकोन पुसट झाला, तेव्हा चुना मीच भिजवला.