अक्काचं कपाट

बुरशीशी हाडवैर धरलेला माणूस उभ्या कोल्हापुरात एकच होता, आणि ते माझे थोरले साडू होते. संस्थान विलीन होईपर्यंत ते दरबारच्या दप्तरखान्यात कारकून. जुन्या कागदांवर चढणारी बुरशी पाहून पाहून त्यांना तिच्या स्वभावाची पारख आली होती. पांढरी भोळी, हिरवी चोरटी आणि काळी पक्की गुन्हेगार, असं त्यांचं ठाम मत. आषाढ लागला की ओल्या पंच्यानं नाकतोंड आवळून, साबणाच्या पाण्याची बादली घेऊन ते भिंतींवर चालून जात. एकदा त्याच अवतारात त्यांनी दार उघडलं, तर पोस्टमन पत्रं टाकून पळाला. आमच्याकडं जेवायला आले तरी आधी माझ्या चपला हुंगत. एकदा मी चपलेवरची बुरशी कोरड्या फडक्यानं झटकत होतो, तर हे उंबऱ्यातूनच ओरडले, "पावणं, झाडतायसा काय? उडून छातीत जाती की ती! आधी भिजवा, मग पुसा. आन् खिडक्या उघडा!"

या वेडामागं खरं दुखणं होतं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, हिला दमा. कोल्हापूरची ओल तिला सोसत नसे, म्हणून दर आषाढात तिला जतकडच्या कोरड्या माहेरी धाडावं लागे. ती दसऱ्याला परत. लग्नाला बारा वर्षं झाली, पण एकही श्रावण दोघांनी एका घरात काढलेला नव्हता. "घरातली ओल घालवा आणि खुशाल ठेवून घ्या," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून साडूंनी कंबर कसली. कौलं शाकारली. एका वर्षी कडुनिंबाची धुरी केली, तर अक्का दुप्पट खोकू लागली, आणि आग लागली समजून शेजाऱ्यांनी घागरी आणून घरात ओतल्या. वाळत आलेलं घर पुन्हा चिंब झालं.

पुढच्या आषाढातही टांगा दारात उभा होता. मी अक्काला पोचवायला गेलो होतो. घरात तोच कुबट वास. मी सहज विचारलं, "या कपाटामागं कधी बघितलंत का?"

कपाट अक्काच्या माहेरचं, सागवानी, भिंतीला अगदी चिकटून. साडू आडवेच आले. "त्येला हात लावायचा न्हाय. ती लावून गेलीया तसंच ऱ्हायाला पायजे."

अक्का दारातून म्हणाली, "आवं, मी हितंच हाय की अजून. सरकवा!"

सरकवलं. मागं भिंत दिसेचना. भोळी, चोरटी आणि गुन्हेगार, तिघी गुण्यागोविंदानं नांदत होत्या. साडू म्हणाले, "म्हंजे मीच घालवत हुतो व्हय तिला?"

त्यांचा तो चेहरा पाहून मला हसू आलं नाही. अक्काला मी आमच्या घरी नेलं. साडूंनी तोंड बांधून, खिडक्या सताड उघडून भिंत पुसली, चार-चारदा धुतली, वाळवली. कपाट भिंतीपासून हातभर दूर, जवळजवळ खोलीच्या मध्यात आलं. येणाऱ्याजाणाऱ्याचे गुडघे फुटत, पण परत आलेल्या अक्काला खोकला येईना. तिचं जाणं आठवड्यावर गेलं, मग पंधरवड्यावर, मग राहिलंच.

आता ती दोघंही नाहीत. त्यांची आठवण आली की मला त्या श्रावणातला भरलेला रंकाळा दिसतो. खबरदारी म्हणून साडूंनी अक्काच्या नाकाला पंचा बांधला होता. तो खाली ओढून ती म्हणाली, "एवढं पाणी असतंय व्हय हितं? बारा वर्सांत कुणी सांगितलंच न्हाय मला."

छत्री साडूंनी सगळी तिच्यावर धरली होती, आणि ओलीचा तो जन्माचा वैरी डोक्यापासून पायापर्यंत भिजत उभा होता.