सूचीखालचे नऊ ठिपके

बाणने ती चौकट वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली, कारण तिथे ती शोभून दिसत होती. पुढे जे काही झालं त्याचं मूळ एवढंच. कुणी लाच खाल्ली नाही, कुणी खोटी सही केली नाही. एका माणसाला कागद नीटनेटका हवा होता, बस.

बाण हे अर्थातच टोपणनाव. जमिनीखालचं तपासणाऱ्या कचेरीत तो चौदा वर्षं नकाशे मांडून छापत होता, आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी दोरीवर शर्ट वाळत घालायचा तेही सारखं अंतर राखून. शेजारच्या गल्लीत राहणारी त्याची थोरली बहीण ते बघून म्हणायची, "खाली स्केलपट्टी काढायची राहिली बघ."

हे गाव एका जुन्या खाणीवर वसलेलं. खाण कधी बंद पडली ते कुणाला आठवत नव्हतं आणि तिचे कागद वाळवीने कधीच पचवले होते. बोगदे नेमके कुठून गेलेत ते शोधायला कचेरीने मोजणीकाकांना धाडलं. काका दर वीस पावलांवर यंत्राची पेटी जमिनीला टेकवायचे, श्वास रोखून आकडा बघायचे आणि वहीत लिहायचे. पेटी जमिनीची ओढ मोजते. खाली भरीव असेल तर ओढ पुरती, पोकळ असेल तर किंचित कमी. ते आकडे संगणकात भरले की सॉफ्टवेअर रंग चढवतं: जड ते लाल, हलकं ते निळं. मग बाणचं राज्य सुरू. नकाशा कागदावर बसवायचा, नाव, स्केल, बाण टाकायचा आणि कुठला रंग म्हणजे काय हे सांगणारी सूची पांढऱ्या चौकटीत ठेवायची.

शीट नंबर सातच्या वेळी काकांच्या शेवटच्या दिवसाचे आकडे यायचे होते. बाणने सहाव्या शीटचा साचा उचलला, कोपरा रिकामा दिसला म्हणून चौकट तिथे डकवली आणि चहाला गेला. दुसऱ्या दिवशी आकडे आले, नकाशा आपला आपण नव्याने रंगला. चौकट होती तिथेच राहिली. साहेबांनी सही ठोकली. शीटवरून धोक्याच्या तीन निळ्या जागांची यादी निघाली आणि पाण्याची नवी टाकी बांधणाऱ्यांनी नकाशा न बघता फक्त ती यादी वाचली. तीन जागा सोडून कुठेही बांधा, असा त्यांनी अर्थ काढला. टाकी उभी राहिली ती ताईच्या गल्लीच्या तोंडाशी.

टाकी पूर्ण होत आली तेव्हा ताईचं दार घासायला लागलं.

"खांदा लावल्याशिवाय उघडत नाही रे," संध्याकाळी जेवायला आलेल्या बाणला ती म्हणाली.

"लाकूड फुगलं असेल."

"चार महिने पावसाचा थेंब नाही. फुगायला मी काय त्याला खाऊ घालतेय का?"

तिची दोन्ही मुलं हसली. बाणही हसला. त्याने उठून दार तपासलं. चौकटीचा वरचा कोपरा केसभर उतरलेला वाटला. केसभर म्हणजे किती हे त्याच्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं, तरी तो परत येऊन जेवायला बसला.

इकडे मोजणीकाकांची निवृत्ती तीन दिवसांवर आली होती. त्यांनी तीन महिन्यांपूर्वी एकच गोष्ट मागितली होती: सातव्या शीटची एक रंगीत प्रत, त्यांनी मोजलेल्या प्रत्येक जागेच्या ठिपक्यासकट. "बायको विचारते, गुडघे कशापायी घालवलेत. तिला दाखवीन म्हणतो." बाण रोज "उद्या नक्की" म्हणायचा. बुधवारी काका सरळ खुर्ची ओढून त्याच्या शेजारीच बसले.

"आता छापल्याशिवाय उठत नाही."

बाणने शीट उघडलं, ठिपके चालू केले. काकांनी वही मांडीवर घेतली आणि पेन्सिलीच्या टोकाने पडद्यावरचे ठिपके मोजायला लागले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले.

"वहीत दोनशे बारा. इथे दोनशे तीन. माझे नऊ कुठायत?"

"असतील काका, इकडेतिकडे."

"इकडेतिकडे म्हणजे? त्या नवांसाठी माझ्यामागे दोनदा कुत्रं लागलं होतं! टाकीच्या बाजूचे सगळे."

बाणने माऊसने सूचीची चौकट धरली आणि हळूच बाजूला ओढली.

खाली निळा होता. उरलेल्या शीटवर कुठेच नाही इतका गडद. निळा म्हणजे काय हे सांगणारी चौकट इतके दिवस निळ्यावरच ठाण मांडून बसली होती. डागाच्या पोटात टाकीची जागा, आणि तिथून तो लांबट होत ताईच्या गल्लीखाली शिरलेला.

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "आज सकाळपासून टाकी भरतायत. चाचणीसाठी."

बाण साहेबांच्या खोलीत धावला. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सही झालेलं शीट आहे. बदलायचं तर समितीपुढे ठेवावं लागेल. सोमवारी."

"साहेब, पाणी आज चढतंय."

"आणि चूक कुणाची लिहायची?" साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझीच ना? चौदा वर्षं झालीत तुला. घाई करू नकोस."

तो बाहेर आला तोच फोन वाजला. ताई.

"अरे, गंमत ऐक! दार सुटलं. आपलं आपण उघडलं, आता बोटाने ढकललं तरी हलतंय. उगाच सुताराला बोलावणार होते."

ज्या दाराला खांदा लावावा लागत होता ते सैल झालं, म्हणजे दार वर गेलं नव्हतं, खालची जमीन उतरली होती.

"मुलांना घे आणि बाहेर पड. आत्ता."

"भाजी गॅसवर आहे रे."

"गॅस बंद कर आणि शाळेच्या मैदानावर जा. ताई, मी मस्करी करत नाहीये."

फोन ठेवून त्याने छपाईची आज्ञा दिली. नकाशे छापणाऱ्या प्लॉटरला कुणाची घाई कळत नाही. त्याची मुंडी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, बोटभर रुंदीचा नकाशा सोडत राहिली. बाण आणि काका कागदाकडे बघत उभे होते. निळा डाग सगळ्यात आधी आला. कागद सुटला तशी बाणने खालच्या दुरुस्तीच्या रकान्यात पेनाने लिहिलं: "सूचीची चौकट मोजलेल्या जागेवर ठेवली होती. चूक माझी." खाली सही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून नकाशावरची ओळ तिरकी गेली.

टाकीपाशी पंपाची घरघर चालू होती. इंजिनियरने जुनं शीट आणि नवं शीट शेजारी धरलं.

"याच्यावर साहेबांची सही कुठेय?"

"सोमवारी होईल."

"मग सोमवारी या. तुम्ही कोण?"

"नकाशा छापणारा."

"छापणाऱ्याच्या सांगण्यावरून मी पंप बंद करू? उद्या झेरॉक्सवाला येईल." आजूबाजूचे मजूर फिस्सकन हसले.

बाणने शीटची गुंडाळी केली आणि गल्लीकडे हात केला. "ते तिसरं घर माझ्या बहिणीचं. पंधरा दिवस दार घासत होतं. आज आपोआप सुटलं."

इंजिनियरला नकाशातलं कमी कळत असेल, पण दारं त्याने जन्मभर बसवली होती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात जीव उरला नाही. त्याने वळून टाकीच्या पायांकडे पाहिलं, मग पंपवाल्याला ओरडला, "बंद कर! आधी बंद कर, मग विचार!"

संध्याकाळपर्यंत गल्ली रिकामी झाली. टाकीतलं पाणी लांब पाईप टाकून ओढ्यात सोडलं. ताई शाळेच्या वर्गात मुलांना घेऊन लहान बाकावर बसली होती. "भाजी कढईतच राहिली," एवढंच ती म्हणाली, आणि नेहमीसारखं चिडवलं नाही. ते बाणला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला प्लॉटरला हात लावायला बंदी केली, चौकशी होईपर्यंत.

शनिवार काकांचा शेवटचा दिवस. कुणी सांगितलं नसताना ते पेटी घेऊन गल्लीत गेले आणि ते नऊच्या नऊ ठिपके पुन्हा मोजून आले. बाण गल्लीला घातलेल्या कुंपणाबाहेर थांबला होता. काकांनी वही त्याच्यापुढे धरली: जुने आकडे एका बाजूला, नवे दुसऱ्या.

"पाणी तर काढलं काका. आता थांबेल ना?"

"हलकं झालंय. सगळीकडे." काकांनी पेटीची कडी लावली. "पोकळी वर येतेय. पाणी फक्त वजन होतं, ते काढलं म्हणून ती थांबणार नाही."

मागे ताईचं दार वारा नसताना हळूच उघडलं आणि तसंच राहिलं. दोघांनीही ते पाहिलं.

कोपऱ्यावर आल्यावर काकांनी विचारलं, "आणि माझा नकाशा?"

"होता तो एकच, फाईलला लागला. मला आता छापायला देत नाहीत." बाणने खाली पाहिलं. "देणं राहिलं, काका."

"राहू दे. छापशील तेव्हा चौकट कागदाच्या बाहेर ठेव म्हणजे झालं." काका दोन पावलं गेले आणि थांबले. "आणि उशीर करू नकोस. रोज नवा आकडा आहे."