तुटलेले दोरे

दुपारी वर्गावरून आले तेव्हा निमाच्या भावाचा फोन येऊन गेला होता. परत लावला. "ताई, अक्का गेली..." एवढंच तो म्हणाला. निमाला तो अक्का म्हणायचा.

धुळ्याच्या कॉलेजात आम्ही शेजारी बसायचो. पुढे मी जळगावला शिकवू लागले, निमा परराज्यातल्या प्रयोगशाळेत गेली. तिथं ती तांब्याच्या पत्र्यावर लेझर मारायची. क्षणभर धातूचा तापलेला प्लाझ्मा उसळायचा, त्यातून क्ष-किरण निघायचे. ते डीएनएवर सोडून त्याचे धागे कसे तुटतात, हे ती बघायची. शिंदखेड्याला तिच्या आईनं एकदा विचारलं, "तठे तू करस तरी काय?"

"दोरा तोडस, माय."

"मंग शिवस कोन?"

"शरीरच शिवस. एक धागा तुटना तं शिवाई जास. दोन्ही एकाच जागे तुटनात, का कठीन."

आई हसली. निमा नाही हसली.

आई गेल्यावर ती नोकरी सोडून जळगावला आली, एकटीच राहिली. तिच्या कामाबद्दल कोणाशी बोलावं असं गावात कोणी नव्हतं. मलाही अर्धंच कळायचं. मग स्तनाचा कर्करोग निघाला आणि रेडिएशन सुरू झालं. मी सोबत जायची. दवाखान्यातल्या बाकावर सातपुड्याकडची एक बाई रडत होती, आत जायला तयार नव्हती. "आंग जळी जाई का वं, ताई?"

निमा तिच्याजवळ सरकली. "कातडी काळी पडी थोडी. पन चांगली पेशी सोताले शिवी लेस, वाईटले तेवढं जमत नई. पहिले मी जास, मंग तू ये." आणि खरंच आधी आत गेली. ती बाहेर आल्यावर ती बाईही आत गेली.

रिक्षात मात्र निमा बाहेर तोंड करून म्हणाली, "आत काय तुटतंय ते मला दिसत असतं गं... माहीत नसतं तर बरं झालं असतं." तिचा आजार तोवर हाडांत पोचला होता.

परवा भावासोबत तिचं घर आवरलं. कपाटात लेझरपासून डोळे वाचवणारे दोन हिरवट चष्मे होते. एक ओरखडलेला, तिचा. दुसरा, तिचा प्रयोग बघायला कोणी आलं तर त्याच्यासाठी... त्याच्या काचेवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. मी ते सोललं, चष्मा लावला, आणि बराच वेळ तिच्या रिकाम्या खोलीत उभी राहिले.