वाफ न धरणारा आरसा

आमची ताई काचेच्या कारखान्यात काचा तपासायची. तिथे काचेवर एक लेप फवारतात, इतक्या बारीक कणांचा की डोळ्याला दिसायचं नाव नाही. लेप नीट बसला की पाणी थेंब धरत नाही, सपाट पसरून निथळून जातं. श्वास सोडला तरी काच धुरकटत नाही. तपासायला यंत्र होतं, पण ते फार रेंगाळायचं. ताई सरळ मास्क हनुवटीवर ओढायची, काचेजवळ तोंड नेऊन ‘हाऽ’ करायची. धुरकटली की नापास.

"मास्क काय हनुवटी झाकायला दिलाय?" मी डाफरायचे.

"मास्कातून श्वास काचेवर पोचतो का, शहाणे?" असं म्हणून ती हसायची आणि हसता हसता खोकायची. खोकला कोरडा, थांबता थांबायचा नाही. फवारणीची खोली अगदी शेजारी, आणि तिचं दार सदा सताड उघडं. छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, काम सोडा. पण ही ढिम्म! वर मलाच ऐकवायची, "माझ्या हातून एक धुरकट काच बाहेर गेलेली नाही."

न्हाणीघरातल्या आरशालाही तिने उरलेला लेप चोपडला होता. आम्हाला केवढं कौतुक! कितीही कढत पाणी घ्या, आरसा आपला लख्ख.

एका रविवारी सकाळी ती तिथेच कोसळली. मी अँब्युलन्स बोलवायला फोनकडे धावले. परत येते तर आईने तोच आरसा खिळ्यावरून उतरवून ताईच्या नाकाशी धरलेला. काच लख्ख. आईने आरसा बाजूला ठेवला, दांडीवरचा टॉवेल ताईच्या तोंडावर ओढला आणि हंबरडा फोडला.

"अगं आई, तो आरसा तिचा आहे!" मी किंचाळले. टॉवेल भिरकावला आणि हाताला लागला तो स्टीलचा पेला तिच्या नाकाशी धरला. वाफ आली. पुसट, पण आली.

ताई वाचली. आता पलंगावरच असते. तो मेला आरसा मी फोडून टाकला. आई मात्र रोज सकाळी पेला घेऊन तिच्या उशाशी बसते. कितीही ओरडा, ऐकतच नाही. आधी वाफेचा डाग वाटीच्या तोंडाएवढा उमटायचा. आज बटणाएवढा होता. आईने पेला बाहीला पुसला आणि पुन्हा धरला.