घणाने बांधलेले पंजे

जुनी घरं पाडणं हा त्याचा धंदा, आणि दार लावताना, बोलताना, चमच्याने साखर ढवळतानाही तो धंदा सोडत नसे. म्हणून सगळे त्याला घण म्हणत. उभं आयुष्य भिंतींवर वार करून उजवा खांदा कुरकुरू लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पोहायला जा. खांदा सुधारला तर काम, नाहीतर घरी बसा." मुकादमाने तेच कमी शब्दांत आणि एका शिवीसह सांगितलं.

घण सकाळच्या प्रौढांच्या वर्गात दाखल झाला. तिथे त्याचा साडू आधीपासून होता. बँकेतला, अंगाने काडी, पाण्यात मात्र मासोळी. बायका सख्ख्या बहिणी. नवऱ्यांचं पहिल्या भेटीपासून विळ्याभोपळ्याचं सख्य.

एके दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी पंजे काढले. पंजे म्हणजे रबराने तळहाताला अडकवायच्या प्लास्टिकच्या चपट्या थाळ्या. हात वाकडा पडला की पंजा निसटतो आणि चूक कळते.

"तळव्यापेक्षा जरासाच मोठा घ्या," मॅडम म्हणाल्या. "मनगटाचा पट्टा नको. आणि सावकाश, सगळा भार खांद्यावर येतो."

घणाने पेटीतला सर्वांत मोठा जोड उचलला आणि मनगटाचे पट्टे करकचून आवळले.

"अहो, ते स्पर्धेतल्या पोरांचे आहेत!"

"मॅडम, लहान हातोडीने भिंत पडते का?"

"पाडायचं काहीच नाहीये इथे."

पोहताना 'हात मारतात' हे घणाने कुठेतरी ऐकलं होतं, आणि त्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. त्याने पाण्याला मारायला सुरुवात केली. शेजारच्या लेनमधल्या दंतवैद्याच्या कानफटात एक बसली. दंतवैद्य दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागला.

मागून साडू येत होता. तलावाचा नियम असा, की पुढे जायचं असेल तर पुढच्याच्या पायाच्या तळव्याला बोट लावायचं. तो कडेला थांबून वाट देतो. नियम घणालाही सांगितला होता. पण साडूने पायाला हात लावला म्हणजे तो पाय ओढतोय, याबद्दल त्याला शंका नव्हती. पहिल्या स्पर्शाला त्याने लाथ मारली. दुसऱ्याला तो वळला आणि पंजा फिरवला.

कड नाकावर बसली. ओल्या फरशीवर चप्पल आपटावी तसा आवाज झाला. पाणी गुलाबी होऊ लागलं.

"पाय ओढतोस माझा?"

"वाट मागत होतो, रेड्या!" साडू रक्ताचे बुडबुडे काढत ओरडला, आणि ज्याने जन्मात झुरळ मारलं नव्हतं त्या माणसाने घणाच्या कानाखाली सणसणीत पंजा ओढला. घणाने त्याचा पोहण्याचा चष्मा उपटून दात दिसेपर्यंत त्याचं डोकं कठड्यावर दाबलं. साडूने चावा घेतला. मॅडम शिट्टी फुंकत राहिल्या. बाकीचे पोहत राहिले; त्यांच्या फेऱ्या शिल्लक होत्या.

साडू सुटला. घणाने हात डोक्यामागून पूर्ण ताकदीने आणला. साडूने बुडी मारली, आणि तो मोठा पंजा पाण्यावर सपाट आपटला. मनगट बांधलेलं, त्यामुळे तो निसटला नाही. निसटला खांदा.

साडू वर आला. घण का थांबला हे त्याला कळलं नाही, म्हणून त्याने खबरदारी म्हणून आणखी दोन ठेवून दिल्या.

हाड जागेवर बसवलं. फाटलेले स्नायू काही मनासारखे जुळले नाहीत. हात खांद्याच्या वर जाईना. मुकादमाने घण दुसऱ्याला दिला आणि याला फाटकापाशी खुर्ची. भिंत पडताना येणाऱ्याजाणाऱ्यांना लांब ठेवायचं, एवढंच काम.

सकाळी आता बायको त्याच्या शर्टाची बटणं लावते. बहिणीने तिच्याशी बोलणं टाकलं आहे. परवा बायकोने गळ्याचं बटण लावलं आणि कॉलर मुठीत धरून पिरगाळली.

"अहो, आधी तिकडे फोन लावा. माफी मागा."

"त्यानेच आधी—"

मूठ आवळली गेली. घणाचा चेहरा जांभळा होऊ लागला. त्याने चाचपडत डाव्या हाताने फोन शोधला.

"हॅलो, साडूबुवा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नाक कसं आहे?"