शहात्तर सेंटिमीटर

ज्या गोष्टीचे मोजमाप होत नाही तिच्यावर मी वेळ घालवीत नाही. पुढे लिहिले आहे ते मात्र मी स्वतः मोजलेले आहे... आणि अडचण नेमकी तीच आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. नागपूरला पदार्थविज्ञान शिकून मी मेहकर तालुक्यात, डोणगावला घरी परतले होते. एका ध्वनिमुद्रण केंद्रात साहाय्यकाची जागा निघाली होती आणि मला ती हवीच होती. तिथे तोवर एकही स्त्री नेमलेली नव्हती. अट अशी — स्वतः मुद्रित आणि संपादित केलेली, दहा मिनिटांहून एक सेकंदही अधिक नसलेली टेप मुलाखतीला आणावी.

प्राध्यापकांकडून स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणला. विहारात दर पौर्णिमेला गाणाऱ्या गिरजामावशींना सकाळीच घरी बोलावले.

"तुह्या पेटीले नीट ऐकू येते काय? का मोठ्यानं म्हनू?"

"नेहमीसारखं म्हणा, मावशी."

वीस कडव्यांचे गाणे अकरा मिनिटे वीस सेकंदांचे झाले. प्रत्येक कडव्यानंतर मावशी चार सेकंद थांबत. टेप सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर धावते. म्हणजे प्रत्येक वेळी शहात्तर सेंटिमीटर नुसती शांतता. मी त्या वीसही जागा ब्लेडने कापल्या, टोके चिकटपट्टीने जोडली, तुकडे क्रमांक घालून दोरीवर टांगले. ऐंशी सेकंद वजा — बरोबर दहा मिनिटे.

टेप चालवली. अकरा मिनिटे वीस सेकंद.

स्टॉपवॉच भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. यंत्राचा वेग मंदावला असता तर आवाज खाली उतरला असता. तो उतरला नव्हता. पांढरा जोड यंत्राच्या, आवाज वाचणाऱ्या हेडवरून सरकताना डोळ्यांना दिसे... आणि त्यानंतर चार सेकंद काहीच नाही. तीनदा मोजले. तीनदा तेच.

दुपारी मावशींच्या घरी गेले. त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या.

"मावशी, कडवं संपलं की तुम्ही थांबता काऊन?"

"नागपूरले शिकून आली, तरी 'काऊन' सुटलं नाही तुह्यं!" त्या हसल्या. "मी कुठी थांबली वं? झील शांतीची असते न."

शांती म्हणजे शांताबाई, त्यांची जाऊ. मावशींनी कडवे म्हणायचे, शांताबाईंनी मागून झील, म्हणजे ध्रुपदाची ओळ, धरायची, असे त्या दोघींचे वर्षानुवर्षे चाले. मागच्या उन्हाळ्यात शांताबाई वारल्या, हे मला पत्राने कळले होते.

"पण त्या आता नाहीत..."

"ते मले माहीत नाही काय? तिची जागा हाय ना. तिले टाकून मी पुढं कशी जाऊ?" सूप थांबले. "तू कापली काय वं तिले?"

"कापून पाहिली," मी म्हणाले. "निघाली नाही."

"जितेपनी बी कोनाचं ऐकत नव्हती ते!"

मी तर्क तिथेच थांबवला. हातात दोनच दिवस होते. वीसही तुकडे परत जोडले आणि शेवटची तीन कडवी त्यांच्या जागांसकट काढली. नऊ मिनिटे अडतीस सेकंद. या वेळी गणित बिनचूक जुळले.

मुलाखतीत अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एवढ्या मोकळ्या जागा? संपादन येत नाही का तुम्हाला?"

"येते. आपण एक जागा कापून पाहावी." मी ब्लेड आणि फूटपट्टी पुढे केली.

त्यांनी पहिली जागा कापली, जोडली, चालवली. स्टॉपवॉच पाहिले. पुन्हा चालवली. मग कापलेला तुकडा टेबलावर पसरून मोजला — शहात्तर सेंटिमीटर.

"माझीच काहीतरी चूक झाली असेल."

"मग दुसरी कापा."

त्यांनी ब्लेड खाली ठेवले. मग विचारले, "रुजू केव्हा होऊ शकाल?"

त्यानंतर मी असंख्य टेपा कापल्या. प्रत्येक टेप कापली तितकीच कमी झाली. यंत्रातला दोष, टेपचा ताण, माझा श्रवणभ्रम — एकेक शक्यता तपासली आणि खोडली. कारण मला आजही सापडलेले नाही, आणि शोध मी सोडलेला नाही. मात्र ती एक टेप मी पुन्हा कोणाला कापू दिली नाही.