सुतकातलं खाजण

तितिलिया लग्न होऊन समुद्रकाठच्या नातिरी गावात आली तेव्हा तिला चिखलात धड उभंही राहता येत नव्हतं. डोंगरातली मुलगी. माहेरी नदी होती, नदीत कोळंबी होती, पण ओहोटीला दूरवर उघडं पडणारं आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत गिळणारं खाजण तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ती टोपलीसकट आडवी झाली. तिची नणंद केलेरा इतकी हसली की हसता हसता तिनंही शेजारीच बसकण मारली, आणि तिथूनच भावाला ओरडून विचारलं, "दादा, बायको आणलीस की डुक्कर?"

दादा, म्हणजे नेमानी, होडीत बसून जाळ्याचा गुंता सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "डुकराला तरी चिखलात उभं राहता येतं."

तितिलिया ते बोलणं कधी विसरली नाही. त्या रागापायी ती रोज खाजणात उतरली. बोटांनी चाचपून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या, तिवरांच्या मुळांतून चिंबोरी ओढायची, नांगी बोटाला लागली तरी ओरडायचं नाही, हे सगळं ती सासूच्या मागं मागं फिरून शिकली. काही वर्षांनी अशी वेळ आली की बाजारात तिच्या तिसऱ्यांचे वाटे आधी उठायचे आणि केलेराचे उरायचे. त्या वाट्यांवर तिची तिन्ही मुलं शिकली. नेमानी मासे आणायचा हे खरं, पण नेमानीचे मासे आधी मुखियाच्या घरी, मग पाद्रीबाबांच्या घरी, मग वाटेत भेटेल त्याच्या घरी जायचे. मुखियासाठी मासेमारी करणाऱ्या घराण्यातला तो थोरला, म्हणून हात सढळ. घर चाललं ते बायकोच्या चिखलावर. तो स्वतःच हे सगळ्यांना सांगायचा, आणि वर यांगोनाची, मुळं कुटून केलेल्या त्या गुंगीच्या पेयाची, आणखी एक कटोरी मागायचा.

असा हा नेमानी आंब्याचा मोसम संपता संपता गेला. दुपारी जेवला, ओट्यावर टेकला, आणि उठलाच नाही.

नातिरीत असा मोठा माणूस गेला की त्याच्या नावानं पाण्याचा एक तुकडा बंद करतात. काठी रोवायची, तिला कापडाची चिंधी आणि नारळाची झावळी बांधायची, आणि शंभर रात्री तिथं कुणी जाळं टाकायचं नाही, बोट बुडवायचं नाही. शंभराव्या रात्रीनंतर काठी उपटायची आणि त्या पाण्यातलं पहिलं जेवण सगळ्या गावानं मिळून जेवायचं. नेमानीसाठी वडीलधाऱ्यांनी खडकाळ टोकाजवळची एक पट्टी काढली. वाईट नव्हती, पण तिथं तसंही कुणी फारसं जात नसे.

तितिलिया चटईवरून उठली. पुरुषांच्या बैठकीत बायकांनी बोलायचं तर आधी दहादा खाकरावं लागतं. ती खाकरली नाही.

"तो काय त्या टोकावर जगला? उरलंसुरलं देऊन वाटेला लावता का त्याला? मोठं खाजण बंद करा."

मोठं खाजण म्हणजे गावाचं ताट. पण विधवेच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? कारभारी सामिसोनी, नेमानीचा चुलतभाऊ, म्हणाला, "वहिनी म्हणते तसं." दुसऱ्या दिवशी काठी मोठ्या खाजणात उभी राहिली.

मग गावानं डब्यातली मासळी खाल्ली. डब्यातली मासळी, कसावा, पुन्हा डब्यातली मासळी. सगळ्यात जास्त कुरकुर केलेराची. "वहिनी, आपण काय खातोय हे दादाला कळलं ना, तर तो उठून येईल तुला ओरडायला." तितिलिया म्हणायची, "येऊ दे की. मला तेच हवंय." मग दोघी हसायच्या, आणि हसून झालं की तितिलिया कामाला लागायची. तिला रडताना कुणी पाहिलं नाही. पुरायच्या दिवशीही ती पाहुण्यांच्या ताटांकडेच बघत होती. कुणी म्हणे धीराची, कुणी म्हणे दगड.

त्याच दिवसांत पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं होडीतून यायला लागली. खाजणाच्या कडेला नांगर टाकायची, नळकांडी खुपसायची, दुर्बिणीतून बघायची, जायची. महिनाभर हे चाललं. गावाला वाटलं, मत्स्यखात्याची असतील. परके दिसतात, काठीचं त्यांना काय कळणार, म्हणून त्यांच्यावर कुणी ओरडलंही नाही. उलट सामिसोनीनं त्यांना शहाळी पाठवली. आपल्या गावाचा हा जुना रोग. घर फोडायला आलेल्यालाही आधी विचारतील, जेवलास का?

मग एके दिवशी कंपनीचा साहेब गावच्या सभागृहात आला. ब्रिस्बेनचा, ग्रेग नावाचा, उन्हानं नाक सोललेला. रीतीप्रमाणे यांगोनाची मुळं पुढं ठेवली, कटोरी एका दमात प्यायला, टाळ्या नको तिथं वाजवल्या. बायका पदराआड हसल्या असत्या, पण इथं पदर नसतो, म्हणून उघड्यावरच हसल्या. माणूस वाईट नव्हता. त्यानं भिंतीवर मोठं रंगीत चित्र लावलं. हॉटेल, होड्यांचा धक्का, दुकानं, फिरायला लांबलचक फरसबंद रस्ता. तिवरं कुठंच नव्हती.

"आणि आमचं खाजण?" सामिसोनीनं विचारलं.

"तिथं भराव येईल," ग्रेग म्हणाला. "आम्ही नीट पाहणी केलीय. महिनाभर आमची माणसं तिथं होती. एक माणूस उतरला नाही. ती जागा कुणी वापरत नाही."

सभागृहात सगळेच एकदम बोलायला लागले. काठी, मयत, शंभर रात्री. ग्रेगनं ऐकून घेतलं आणि खेदानं मान हलवली. "मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण चित्र दाखवलं की प्रत्येक गावात अशी एखादी गोष्ट निघते. मी पाहिलं ते मी सांगितलं. आता सरकारी अधिकारी बाई येऊन बघतील. त्या म्हणतील ते मला मान्य."

खाडीपलीकडच्या गावाचं काय झालं ते तितिलियानं पाहिलं होतं. तिथं काही वर्षांपूर्वी असाच भराव पडला. पाणी आपली वाट बदलून घरांत शिरायला लागलं, आणि ज्या बायका बाजारात तिच्या शेजारी बसून चिंबोऱ्या विकायच्या त्या आता तिच्याच वाट्यांपुढं उभ्या राहून घासाघीस करायच्या. उद्या आपली पाळी. आणि कुणामुळं? खडकाळ टोक बंद केलं असतं तर या टोपीवाल्यांना रोज पन्नास बायका वाकलेल्या दिसल्या असत्या. गाव तिला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. तिला झोप लागेना. नेमानी आठवायचा तो आता नवरा म्हणून आठवायचाच नाही. आपल्या हट्टानं गावाच्या गळ्यात बांधलेला धोंडा म्हणून आठवायचा.

अधिकारी येण्याची तारीख कळली, आणि ती काठी निघायच्या आठवडाभर आधीची निघाली. पुढं ढकला म्हणून सामिसोनीनं फोन केले, उपयोग झाला नाही. तेव्हा तो तितिलियाच्या ओट्यावर येऊन बसला. केलेराही तिथंच पानं सोलत होती, चटईसाठी.

"वहिनी, राग मानू नको. काठी आठ दिवस आधी काढू. सगळ्या बायका टोपल्या घेऊन उतरवू. ती बाई बघेल, खूश होऊन जाईल. नेमानी काय, तो हसेल. त्याला कुठं घड्याळ कळत होतं?"

तितिलिया म्हणाली, "काढा. माझ्यापायी हे झालं. काढा ती."

"कुणी हात लावायचा नाही!"

ही केलेरा. पानं बाजूला फेकून ती उभी राहिली होती.

"अगं, तूच तर रोज डब्याच्या नावानं रडतेस," सामिसोनी म्हणाला.

"रडते! माझं तोंड आहे, मी रडेन. पण काठी माझ्या भावाची आहे. एका बाईला दाखवायला आपण आपलीच मनाई मोडली, तर तो गोरा खोटं काय बोलला? मग खरंच ती गोष्ट चित्र बघून निघालेली!" आणि वहिनीकडं वळून, "तू गप बस. डोंगरातली ती डोंगरातलीच. चिखलात उभं राहायला शिकलीस, आता गावात उभं राहायला शीक."

सामिसोनीनं डोकं खाजवलं आणि तो निघून गेला. पण काठी राहिली.

अधिकारी आल्या त्या दिवशी खाजण पूर्ण उघडं पडलं होतं, आणि त्यावर एक बगळा सोडला तर जीव नव्हता. बाईंचं नाव लोसालिनी. पूर्वेकडच्या बेटांवरल्या, भारदस्त, छत्री घेतलेल्या. ग्रेग त्यांच्या पुढंपुढं चालत हात पसरून दाखवत होता. "बघा. ओहोटी, ऊन, सगळं छान आहे. कुणी नाही."

तितिलिया आणि केलेरा तिवरांच्या सावलीत इतर बायकांबरोबर उभ्या होत्या.

बाई कडेपर्यंत आल्या. त्यांनी खाजणावरून नजर फिरवली. ती काठीपाशी थांबली. मग त्यांनी छत्री मिटली, डोक्यावरची टोपी काढली, आणि चांगल्या कपड्यांत, ओल्या वाळूवर, तिथल्या तिथं मांडी घालून बसल्या. हात वाटीसारखे करून संथपणे टाळ्या वाजवल्या, मयताच्या घरी वाजवतात तशा. ग्रेगला उभं राहावं की बसावं कळेना.

"कोण गेलं?" बाईंनी विचारलं.

"माझा नवरा," तितिलिया म्हणाली. "नेमानी."

"कधी?"

"आंबे संपताना."

बाईंनी ग्रेगकडं मान वळवली. "तुमची माणसं कधी बसली होती इथं?"

ग्रेगनं महिना सांगितला, आणि सांगता सांगताच त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुम्ही सुतकाच्या घरात डोकावलात," बाई म्हणाल्या, "आणि चूल पेटलेली नाही म्हणून घर ओसाड आहे असं ठरवून मोकळे झालात." मग त्या उठल्या, कपडे झटकले. "काठी कधी काढताय? त्या दिवशी मी परत येते. मला जेवायला बोलवा. तुम्हीही या हो, साहेब. वहाणा घरी ठेवून या."

आठवडाभर गावाचा जीव टांगणीला होता. काठी निघाली त्या सकाळी यांगोना झाली, प्रार्थना झाली, सामिसोनीनं नेमानीचं नाव घेऊन काठी उपटली, आणि बायका ओरडत खाजणात घुसल्या. शंभर रात्री विसावलेलं खाजण! बोट घालावं तिथं तिसरी. डोंगरातून तितिलियाच्या माहेरची माणसं आली होती, खाडीपलीकडच्या बायका आल्या होत्या, पोरं आली होती, पाद्रीबाबा आले होते. टोपल्या भरल्या, मग बादल्या, मग केलेरानं अंगातला सदरा काढून त्याची झोळी केली. ग्रेग आला तो दहाव्या पावलाला कमरेपर्यंत रुतला, आणि केलेरानं त्याला ओढून काढताना विचारलं, "साहेब, ही जागा कुणी वापरत नाही ना?" तोही बिचारा हसला.

लोसालिनीबाई कपडे वर खोचून तितिलियाशेजारी वाकल्या होत्या. त्यांचा हात तरबेज होता. दोघी चाचपत राहिल्या. मग बाई सहज बोलावं तशा म्हणाल्या, "कागद यायला वेळ लागेल. पण इथं भराव पडणार नाही, वहिनी. हॉटेल होईल, ते पलीकडं, जुन्या धक्क्याच्या अंगाला होईल. साहेबांनी काल मान्य केलं. तुमच्या गावची पोरं तिथं कामाला जातील, दिव्यांचा झगमगाट तुमच्या डोळ्यांवर येईल, ते काही मला थांबवता येत नाही. पण खाजण तुमचं."

"नक्की?"

"नक्की."

तितिलियानं हातातल्या तिसऱ्या टोपलीत टाकल्या. मग ती होती तिथं, चिखलात, खाली बसली. छातीवरचं इतक्या दिवसांचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं तेव्हा त्याच्या खाली नेमानी होता. जाळं सोडवणारा, मान वर न करता टोमणा मारणारा, सगळ्या गावाला मासे वाटून रिकाम्या हातानं घरी येणारा. तितिलियानं हंबरडा फोडला. खाजणभर बायका वाकलेल्या होत्या, त्या ताठ झाल्या. कुणाला वाटलं, काच लागली. कुणाला वाटलं, वाईट बातमी आली. सामिसोनी धावत निघाला.

केलेरानं त्याला हातानं अडवलं.

"थांब. कुणी जाऊ नका. रडू दे तिला," ती म्हणाली. "तिचा नवरा गेलाय."